मराठी नावांची प्रश्नचिन्हं होण्याआधी: संगणक कक्षांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठं, सहकारी बँका, पतसंस्था आणि सार्वजनिक ग्रंथालयं
यांच्या संगणक कक्षांचे प्रमुख

स.न.वि.वि.

डेटाबेस दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. फोन येतो तेव्हा पलीकडचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "सर्व्हर बदलला आणि सगळं मराठी गेलं हो." मी पोचेपर्यंत कुणी नवे फॉन्ट टाकलेले असतात, कुणी ब्राउझर बदलून पाहिलेला असतो आणि व्हेंडरच्या माणसाने चालू डेटाबेसवरच 'कन्व्हर्ट' मारून मोकळं केलेलं असतं. जो डेटा अर्ध्या दिवसात जागेवर आला असता, तो अशा वेळी बऱ्याचदा कायमचा गेलेला असतो.

हे पत्र त्या घाईबद्दल आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या टेंडरमधल्या एका ओळीबद्दल: "सदर प्रणाली युनिकोडला सपोर्ट करणारी असावी." युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारं मानक. ही अट कुणीही पूर्ण करतो. डेमोच्या दिवशी पडद्यावर 'नमस्कार' दिसला की झाली पूर्ण. पुढे तो नमस्कार साठवला कसा, परत काढला कसा, दुसऱ्या मशीनवर नेल्यावर टिकला का, हे कुणी विचारत नाही. ते विचारा, आणि शेवटचं बिल त्या उत्तरावर अडवून ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. ती का करतो ते जरा सविस्तर सांगतो.

"मराठी गेलं" या तक्रारीत निरनिराळे आजार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. पडद्यावर किंवा पीडीएफमध्ये रिकामे चौकोन दिसत असतील, किंवा छापील दाखल्यावर 'विकास'मधली वेलांटी व च्या पलीकडे जाऊन पडली असेल, तर डेटाला काहीही झालेलं नाही. फॉन्ट नाही किंवा पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी येत नाही, एवढाच अर्थ. तिथे डेटाबेसला हात लावायचं कारण नाही. गंमत अशी की नेमकं उलट होतं. डेटाबेस बिघडलेला असताना लोक फॉन्ट बदलत बसतात आणि फॉन्ट नसताना डेटाबेस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरा आजार तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे: मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चलनांच्या खुणांचा कचरा. हा कचरा जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात तुमचा डेटा शाबूत असतो. युनिकोडची चिन्हं बाइट्समध्ये, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांत, साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. अनुस्वार, स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी १६४ च्या घरात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण १६५ च्या घरात. हेच बाइट्स एखाद्या प्रोग्रामने विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाने वाचले, की २२४ चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, १६४ चा ¤ आणि १६५ चा जपानी येनचा ¥. म्हणून या कचऱ्यात तोच रोमन ए आणि त्याच दोन खुणा सारख्या भेटत राहतात. खरी ओळख तिसऱ्या बाइटमध्ये असते. 'मराठी' या शब्दात म चा होतो ®, र चा °, कान्याचा ¾, दुसऱ्या वेलांटीचा €. आणि ठ? त्याचा तिसरा बाइट १६०. त्या कोष्टकात ती न तुटणारी मोकळी जागा आहे, म्हणजे पडद्यावर काहीच दिसत नाही.

आता समजा तुमच्या कार्यालयातल्या कुणी तो मजकूर कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला, आणि त्या एडिटरने ती खास मोकळी जागा साध्या स्पेसमध्ये बदलली. सरळ उलटं रूपांतर केलं तर बाकीचं मराठी परत मिळेल, पण सगळे ठ गेले. ठाणे, ठाकरे, विठ्ठल, पाठक, सगळे.

याहून वाईट म्हणजे विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आपलं नशीब असं की ऱ्हस्व उकार १२९ वर, पाय मोडायची खूण १४१ वर, ए १४३ वर, ऐ १४४ वर आणि झ १५७ वर येतो. मायएसक्यूएल हे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर स्वतः या रिकाम्या जागा सांभाळून घेतं, त्यामुळे डेटा त्याच्या पोटात असेपर्यंत बचावतो. पण तोच बाहेर काढून एखाद्या स्क्रिप्टमधून फिरवला, तर पायथनसारखी भाषा त्या बाइटपाशी थांबून चूक दाखवते. मग घाईत असलेला प्रोग्रामर 'चूक आली तर सोडून दे' असा पर्याय लावतो आणि स्क्रिप्ट सुरळीत संपते. सगळी जोडाक्षरं आणि सगळे ऱ्हस्व उकार त्या एका पर्यायापायी गेलेले असतात, आणि अहवालात लिहिलेलं असतं: मायग्रेशन यशस्वी.

तिसरा आजार प्रश्नचिन्हांचा. इथे मात्र स्पष्ट सांगायला हवं: डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठलेली असतील तर ती 'दिसण्याची' अडचण नाही. तिथे मूळ अक्षरं उरलेलीच नाहीत. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण यंत्राला पाच चिन्हांचा असतो, त्यामुळे त्याची बरोबर पाच प्रश्नचिन्हं होतात. त्यांतून 'मराठी' परत बनवणारं सॉफ्टवेअर जगात कुणाकडे नाही, आणि आहे म्हणून कुणी कोटेशन दिलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. उपाय दोनच: जुना बॅकअप किंवा कपाटातले कागदी अर्ज.

हा आजार मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आणि डॉटनेट या प्रोग्रामिंगच्या चौकटीवर बांधलेल्या जुन्या प्रणालींमध्ये फार आढळतो. कारण विचारलं की व्हेंडर छातीठोकपणे सांगतो, "साहेब, कॉलम एनव्हारचार आहे." एनव्हारचार म्हणजे युनिकोड मजकूर साठवणारा रकाना, आणि तो तसा असतोच. पण प्रोग्रामने नाव अवतरणचिन्हांत टाकून सरळ क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेच्या, वाक्यात चिकटवलेलं असतं आणि त्या अवतरणाच्या आधी एक मोठा रोमन 'एन' लिहायचा राहिलेला असतो. तो नसला की सर्व्हर त्या मजकुराला आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या अक्षर-कोष्टकात, बसवतो. तिथे देवनागरी नसते, म्हणून प्रश्नचिन्हं होतात, आणि मग ती प्रश्नचिन्हं तुमच्या त्या उत्तम एनव्हारचार कॉलममध्ये अगदी नीट जपून ठेवली जातात. क्वेरीत मजकूर चिकटवण्याऐवजी पॅरामीटर वापरले, म्हणजे मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवला, तर ही भानगड उरत नाही. शिवाय एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे मजकुरातून चोरून आज्ञा घुसवण्याचा, दरवाजाही बंद होतो, जो तुमच्या सुरक्षा ऑडिटवाल्यांनी तसाही कधीतरी दाखवलाच असता.

चौथा प्रकार कापलेल्या नावांचा. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या रकान्यासाठी व्हारचार२(५०) लिहिलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर ते ५० मूळच्या मांडणीत बाइट्स असतात. मराठीच्या हिशेबाने १६ चिन्हं. 'ज्ञानेश्वर विठ्ठलराव' एवढ्यालाच ५८ बाइट्स लागतात. ओरॅकल बिचारं नोंद नाकारून चूक दाखवतं. मग कुणीतरी 'तात्पुरती सोय' म्हणून नाव ५० बाइट्सवर छाटायची ओळ लिहितं, आणि ही छाटणी राव मधल्या र च्या पहिल्याच बाइटनंतर पडते. माणूस 'ज्ञानेश्वर विठ्ठल' होतो आणि शेपटीला काळ्या पतंगातलं प्रश्नचिन्ह लागतं. पुढे त्याच्या वारसांनी नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करायचं.

आता सगळ्यात फसवा प्रकार, ज्यात काहीच बिघडलेलं दिसत नाही. मायएसक्यूएल हे मूळचं स्वीडिश कंपनीचं. २०१८ साली ८.० आवृत्ती येईपर्यंत त्याची उपजत मांडणी लॅटिन-१ (इथे म्हणजे तेच विंडोज-१२५२ चं कोष्टक) आणि वर्णक्रम स्वीडिश असायचा. होय, आपल्याकडच्या कित्येक संस्थांच्या सभासदांच्या याद्या कागदोपत्री स्वीडिश वर्णक्रमाने लागत होत्या. वेबपान यूटीएफ-८ मध्ये, पण प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातलं कनेक्शन लॅटिन-१ आणि टेबलही लॅटिन-१, अशी जोडी जमली की मराठीचे बाइट्स जसेच्या तसे आत जातात आणि जसेच्या तसे बाहेर येतात. डेटाबेसला वाटतं आपण कुठल्यातरी युरोपीय भाषेचा मजकूर सांभाळतोय. दोन चुका एकमेकींना झाकतात. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नसते. मग सर्व्हर बदलतो, नव्या आवृत्तीत कनेक्शन आपसूक यूटीएफ-८ चं होतं, एक चूक सुधारते आणि दुसरी उघडी पडते. त्या रात्री मला फोन येतो.

आणि याच क्षणी ते 'कन्व्हर्ट'चं बटण दाबलं जातं. टेबल लॅटिन-१ आहे, आपल्याला यूटीएफ-८ हवं आहे, मग 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' (अक्षर-कोष्टक बदल) ही आज्ञा द्यायची, असं कुणालाही वाटेल. पण ती आज्ञा डेटाबेसच्या समजुतीवर विश्वास ठेवते. प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र युरोपीय अक्षर आहे असं मानून ती त्याचं पुन्हा यूटीएफ-८ करते. आधी नुसती पाटी चुकीची होती, आता आतला मालही चुकीचा झाला. योग्य रस्ता उलट आहे: कॉलमला आधी ब्लॉब किंवा व्हारबायनरी करायचं, म्हणजे डेटाबेस 'हे नुसते बाइट्स आहेत' असं म्हणून गप्प बसतो, आणि मग त्यावर यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) ही खरी पाटी लावायची. बाइट एकही हलत नाही. नुसता डेटाबेसचा डिफॉल्ट कोलेशन, म्हणजे वर्णक्रम, बदलून मात्र काही होत नाही. तो पुढे बनणाऱ्या टेबलांना लागतो, आहेत त्यांना नाही.

यातलं नक्की काय झालंय हे ओळखायला दोन साधे प्रश्न पुरतात. डेटाबेसला विचारा की 'मराठी' ही नोंद किती चिन्हांची आहे. ५ म्हणाला तर बहुधा ठीक, १५ म्हणाला तर तो बाइट्स मोजतोय. मग त्याच नोंदीचं हेक्स, म्हणजे बाइट्सचं सोळा-आधारी लेखन, काढा. सुरुवात 'ई०ए४' अशी असेल तर बाइट्स निरोगी आहेत, फार तर पाटी चुकलेली असेल. 'सी३ए०' अशी असेल तर मजकुराचं दोनदा एन्कोडिंग, म्हणजे बाइट्समध्ये रूपांतर, झालंय. ते उलगडता येतं: आधी लॅटिन-१, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४. आणि नुसती '३एफ, ३एफ, ३एफ' अशी ओळ दिसली तर ती प्रश्नचिन्हं आहेत, बॅकअप शोधायला लागा. प्रत्यक्षात एकाच टेबलात तिन्ही प्रकार सापडतात, कारण अमुक तारखेपर्यंत जुना सर्व्हर होता, मग कुणीतरी कनेक्शन सुधारलं, मग कुणीतरी जुना डंप (डेटाची काढून ठेवलेली प्रत) वर ओतला. म्हणून सरसकट एक आज्ञा सगळ्या टेबलावर चालवायची नसते. ओळी आधी हेक्स पाहून वेगळ्या काढायच्या, दुरुस्ती प्रतीवर करायची, आणि माणसाने वाचून खात्री करायची. त्याआधी नव्या नोंदी थांबवून बॅकअप घ्यायचा, तोही बाइट न बदलता. बॅकअप घेणारा प्रोग्रामच वाटेत रूपांतर करत असेल तर तो बॅकअप काय कामाचा?

यूटीएफ८एमबी४ चा एवढा आग्रह का, असाही प्रश्न येतो. मायएसक्यूएलमध्ये नुसतं यूटीएफ८ म्हणून जे आहे ते तीनच बाइट्सपर्यंत जातं. देवनागरी त्यात मावते, म्हणून व्हेंडर म्हणतो की पुरे आहे. पण नागरिक फोनवरून तक्रार लिहितात आणि सुरुवातीलाच हात जोडतात. तो इमोजी चार बाइट्सचा. एका तक्रार नोंदणी प्रणालीत मी ढिगाने अशा तक्रारी पाहिल्या ज्यांत फक्त 'नमस्कार' एवढाच मजकूर होता. जुन्या, ढिल्या मोडमध्ये मायएसक्यूएल न पेलणाऱ्या चिन्हापाशी मजकूर तोडतं, एक इशारा देतं जो कुणी वाचत नाही, आणि पुढे जातं. पाणी कुठल्या गल्लीत आलं नव्हतं ते त्या हातांच्या पलीकडे लिहिलेलं होतं. तिकडे 'तक्रारीत तपशील नाही' असा शेरा मारून प्रकरणं निकाली निघालेली. इमोजीला कुणी पोरखेळ म्हणत असेल तर दुसरं उदाहरण देतो: मोडी. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइट्सचं आहे. मोडी दफ्तरांची सूची करायला निघालेल्या कुठल्याही ग्रंथालयाला तीन बाइट्सचा डेटाबेस पहिल्याच ओळीला नाही म्हणेल. यूटीएफ८एमबी४ मायएसक्यूएलमध्ये ५.५.३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. "इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बसत नाही" ही सबब ७६७ बाइट्सच्या मर्यादेच्या काळातली आहे, ५.७ पासून उपजत मांडणीत ती मर्यादा ३०७२ आहे.

एक्सेलबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण कार्यालयातला निम्मा घोटाळा तिथे होतो. प्रणालीतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) उतरवली, डबल क्लिक केलं, कचरा दिसला. सीएसव्हीच्या सुरुवातीला बॉम नावाची तीन बाइट्सची खूण नसेल तर एक्सेल ती बहुधा विंडोजच्या जुन्या कोडपेजने वाचतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. पण क्लार्क त्यात दोन रकाने भरतो, सेव्ह करतो आणि तीच फाइल परत अपलोड करतो. व्हेंडरकडून एवढंच लिहून घ्या की निर्यात होणाऱ्या प्रत्येक सीएसव्हीत बॉम असेल, आणि आयात करताना यूटीएफ-८ मध्ये नसलेली फाइल प्रणाली नाकारेल. नाकारणं महत्त्वाचं.

बाइट्स बरोबर असूनही नाव न सापडण्याचा एक खास मराठी प्रकार आहे. 'ॲड.' मधला पहिला ॲ युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे. त्याआधीचे आणि अजूनही काही कीबोर्ड अ वर चंद्र चढवून तो बनवतात. 'कऱ्हाड'मधला अर्धा ऱ सुद्धा दोन रीतींनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साधा र, पाय मोडायची खूण आणि तिच्यामागे एक अदृश्य जोडणी चिन्ह लावून. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रीती एक करणारे ठरावीक नियम, या जोड्या एक करत नाही, ते नियम प्रणालीत स्वतंत्रपणे लिहावे लागतात. आणि ते अदृश्य चिन्ह 'अवैध' म्हणून गाळणारे फिल्टर मी पाहिलेत. त्यांनी वऱ्हाडाचं पार 'वर्हाड' करून ठेवलं होतं.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख अशा युनिकोडआधीच्या फॉन्टच्या काळातला डेटा असेल तर तो विषयच निराळा. तिथे साठवलेली अक्षरं रोमन किंवा तत्सम असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. त्यावर वरच्या कुठल्याही आज्ञा चालवू नका. त्या-त्या फॉन्टचं कोष्टक घेऊनच ते रूपांतर होतं आणि त्याचं वेगळं काम काढावं लागतं.

तर टेंडरमध्ये काय लिहायचं? युनिकोड सपोर्टची ओळ खोडा आणि तिच्याजागी एक चाचणी घाला. 'ॲड. ऐश्वर्या झुंबरराव वऱ्हाडे, कऱ्हाड, जि. सातारा' असं एक काल्पनिक नाव घ्या आणि शेवटी हात जोडलेला इमोजी टाका. ए, ऐ, झ, ठ यांतलं जे या नावात नाही ते पत्त्यात घाला. हे नाव तुमच्या माणसाने स्वतःच्या हाताने फॉर्ममध्ये भरावं, साठवावं, शोधावं, उघडून पुन्हा साठवावं. दोनदा एन्कोडिंग होण्याची चूक पुष्कळदा या दुसऱ्या सेव्हलाच पकडली जाते. मग ते सीएसव्हीत काढून एक्सेलमधून फिरवून परत घालावं, दाखला छापावा, एसएमएस पाठवून पाहावा. शेवटी व्हेंडरने आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर चढवून दाखवावा आणि दोन्हीकडच्या नोंदीचं हेक्स तुमच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवावं. यातली बॅकअपची पायरी कुणालाच आवडत नाही, तुमच्या खात्यालाही नाही, कारण तिला दुसरं मशीन लागतं. आणि ती चुकवली की काय होतं हे कळायला सर्व्हर बदलण्याचा दिवस उजाडावा लागतो.

चालू प्रणालींसाठी नवं टेंडर निघायची वाट पाहू नका. व्हेंडरला आजच्या आज एक पत्र पाठवून लेखी विचारा: प्रत्येक टेबलाचा कॅरेक्टर सेट कोणता, प्रोग्रामचं कनेक्शन कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये उघडतं, आणि आमच्या संस्थेच्या नावाची चिन्हसंख्या डेटाबेस किती सांगतो. तिसरं उत्तर खऱ्या संख्येच्या जवळजवळ तिप्पट आलं, तर सर्व्हर बदलण्याची फाइल तूर्त सहीसाठी पुढे पाठवू नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुनं मशीन भंगारात काढू नका.

कळावे,

आपला,
डेटाबेसच्या दुरुस्तीवर पोट असलेला एक तंत्रज्ञ